मूठभर धने

लक्ष्मणरावांच्या घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. आवाज कायमचा जाणार आणि श्वास मानेला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. नाही काढलं तर फार तर वर्षभर. मग काय, घरात रोजची खडाजंगी!

"मुके राहा, पण राहा," इंदुताई नवऱ्याला म्हणाल्या.

"वयनी, न बोलता जगणं म्हणजे काय जगणं ओ?" नणंद भाग्यलक्ष्मी फणकारली.

तिढा सोडवला तो लक्ष्मणरावांनीच. "घेऊन टाका म्हणावं आवाज. या घरात माझं ऐकतंय तरी कोण?" सगळे डोळे पुसत हसले. मग ते मुलाकडे वळले. "विकास, आणखी काही जाणार आहे का रे?"

"नाही बाबा."

आता या विकासला काय म्हणावं! वास घेणंही जवळजवळ बंद होईल, असं डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत स्पष्ट सांगितलं होतं. पण कंपनीच्या एसीत बसून बारमाही सर्दी झालेला हा गडी. बाप मरणाच्या दारात असताना नाकाचं काय घेऊन बसायचं, असं त्याला वाटलं. बाप बेगम बाजारात धन्या-मिरचीचा घाऊक व्यापार करत म्हातारा झाला होता. पोत्यातली मूठ नाकाशी नेली की माल गोदामात भिजून पुन्हा वाळवलेला आहे का, ते तिथल्या तिथे सांगायचा. तरीही त्या नाकाची किंमत विकासच्या ध्यानात आली नाही.

ऑपरेशन झालं. लक्ष्मणराव वाचले. महिनाभर तोंडाची चव गेली, वास येईना, तेव्हा औषधांनी असेल म्हणून गप्प राहिले. मग एका सकाळी गळ्याला उपरणं गुंडाळून विकासबरोबर दुकानात आले.

आल्या आल्या त्यांनी नव्या पोत्यात हात घातला. मूठ नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग उपरणं बाजूला सारून ती मूठ मानेच्या भोकाशी धरली, आणि धन्याची धूळ आत जाऊन असा ठसका लागला की विकास धावत येऊन त्यांची पाठ चोळू लागला.

ठसका थांबल्यावर त्यांनी बोलण्याऐवजी लिहायला सोबत ठेवलेली पाटी घेतली. लिहिलं, "आवाज मी दिला. हे कोणी दिलं?"

विकासला रडू आवरेना. "डॉक्टर म्हणाले होते, बाबा. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही नको म्हणाल. तुम्ही हवे होतात हो आम्हाला!"

लक्ष्मणरावांनी पाटी पुसली. रागावले नाहीत. तीच मूठ विकासच्या नाकाखाली धरली आणि भुवया उंचावल्या, माल कसा आहे सांग म्हणून.

विकासने जोरात हुंगलं. "येतोय की वास, बाबा. धन्यासारखाच."

लक्ष्मणरावांनी धने पोत्यात सोडले, हात झटकले आणि मालकाच्या गादीवर न बसता समोर गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले.