‘क्वाएट’चे कार्ड

मास्तरांनी कानामागे यंत्र अडकवले, बटण दाबले आणि टेबलावरचे कार्ड पुढे ओढले. इतकी वर्षे मशीन नको म्हणून अडून बसलेल्या मास्तरांनी सकाळी ते गुपचूप आणले, तेही या कार्डापायी. बायकोला अजून सांगायचे होते.

निवृत्तीनंतर मास्तर इंग्रजी विशेषणांचे पुस्तक लिहीत होते. सारख्या अर्थाच्या शब्दांच्या जोड्या, प्रत्येक शब्दाचे एक कार्ड आणि त्यावर एक वाक्य. ते वाक्य आपल्याच घरात अनुभवलेले हवे, हा त्यांचा हट्ट. ‘टॉल’साठी कपाट होते, ‘हाय’साठी त्याचा वरचा कप्पा. उद्या पुस्तक छापखान्यात जायचे होते आणि एकच जोडी उरली होती, ‘सायलेंट’ म्हणजे आवाजच नसलेले आणि ‘क्वाएट’ म्हणजे शांत, अगदी हलक्या आवाजाचे.

‘सायलेंट’ त्यांना पाठ होते. कान जाऊन नऊ वर्षे झाली होती. ‘क्वाएट’च्या कार्डावर त्यांनी लिहिले होते, माझी बायको क्वाएट आहे. कामापुरते ती पाटीवर लिहून दाखवी. बाकी बिचारी बोलायचीच बंद झाली, असे ते लेकीला सांगत. आता फक्त खात्री करायची होती.

आधी घड्याळ ऐकू आले. मग कागदावर घासणारी स्वतःचीच बाही. मास्तरांनी ती पुन्हा एकदा फिरवून पाहिली. एवढासा आवाज, नऊ वर्षे इथेच होता.

पाठीमागे बायको वाटाणे सोलत होती.

“बसले कार्ड घेऊन,” ती म्हणाली. आवाज जरा जाड झाला होता. “स्वेटर उलटा. पाटीवर लिहावं, तर म्हणतील मुद्दाम घातलाय.”

मास्तर हलले नाहीत.

“कोपऱ्यावरचा दिवा लागला एकदाचा. कालच सांगितलं म्हणा तुम्हाला.” शेंग फुटली. “आणि डॉक्टर म्हणाले, गाठ साधीच आहे. पंधरा दिवस जिवाला घोर होता. रोज तुमच्या पाठीला सांगत होते. बरं वाटायचं हो.”

मास्तरांनी कार्डावरचे वाक्य खोडले. मग कानामागचे यंत्र सांभाळत स्वेटर काढला, सुलटा केला आणि पुन्हा घातला.

वाटीत पडणारे वाटाणे थांबले.

घड्याळ चालूच होते. त्याच्या मागे, अगदी हलका, तिचा श्वास ऐकू येत होता. मास्तरांनी पेन उचलले.