दुसऱ्याच्या पाण्याने भरलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. नागपूरहून कुहीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, एका घराच्या मागच्या अंगणात मी राहते. पूर्वी इथे धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर होते. धानाला ओलीत हवे म्हणून मला खणले, काळ्या दगडांनी बांधून काढले. पुढे शेताचे लेआउट झाले, प्लॉट पडले आणि मी रुपराव व सुभद्राबाई यांच्या वाट्याला आले. महापालिकेचा नळ इथवर अजून पोचलेला नाही. त्यामुळे त्यांचे पिणे, धुणे, सारे माझ्यावरच चाले.

सुरुवातीला माझे फार कौतुक होते. शेजारच्या बाया वरणासाठी मुद्दाम माझे पाणी नेत, कारण त्यात डाळ लवकर शिजे. मग आजूबाजूला बोअर झाले. माझे झरे मंदावले. वैशाख लागला की तळ दिसू लागे. कोणी निर्माल्य टाकले, कोणी फुटक्या बादल्या. मला वाईट वाटायला हवे होते, पण काही वाटेनासे झाले होते.

रुपरावांचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला. त्याच्याकडे जायचे म्हणून त्यांनी घर विकायला काढले. नेमके मे महिन्यात बघायला लोक येणार होते. दलाल पिंटूने त्या सकाळी टँकर बोलावला आणि माझ्यात रिकामा केला. ब्लीचिंग पावडरचा वास येणारे ते पाणी अंगावर कोसळत राहिले. मी भरले. पण मला भरल्यासारखे वाटले नाही.

दुपारी गोपिकाबाई आल्या, सोबत त्यांची मुलगी मिनल. मिनल शहरात एका लॅबमध्ये नोकरी करते. गोपिकाबाईंचे यजमान भिवापूरला मिरचीचा व्यापार करत. हिवाळ्यात ते बाजारातच कोसळले आणि गेले. तेव्हापासून आई रडलीही नाही, असे मिनलने सुभद्राबाईंना हळूच सांगितले. गोपिकाबाईंनी खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघर पाहिले, मला वाकून पाहिले. माझ्या पाण्यात त्यांच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब पडले. त्या चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता.

मिनलने विचारले, "काकाजी, पाणी बारा महिने राह्यते का?"

रुपराव खाली बघू लागले. पिंटूच बोलला, "पाहा ना ताई, मे महिन्यात एवढं भरून हाये!"

"घेऊन टाकू," गोपिकाबाई म्हणाल्या.

"आई, तू नीट पाह्यलं तरी का?"

"पाह्यलं."

त्या निघाल्याच होत्या. तेवढ्यात सुभद्राबाई मोरीवरची भांडी तशीच टाकून उठल्या. "थांब वं बाई. हे पाणी विहिरीचं नोहे. सकाळी टँकर ओतला यायनं."

"सुभद्रा, चूप राह्य!" रुपराव ओरडले.

"काहून चूप राहू? उन्हाळाभर चौकातल्या हातपंपावरून मी पाणी आणतो, तुमी नाही. आता या पोरीनं आणावं का?"

पिंटू फोन कानाला लावून फाटकाबाहेर गेला. मिनलचा चेहरा रागाने लाल झाला होता. गोपिकाबाई मात्र रागावल्या नाहीत. माझ्या कठड्यावर बसल्या आणि बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी तिथला पहिला प्रश्न विचारला, "गाळ कधी काढला होता?"

रुपरावांना आठवेना. ते पडेल आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. गाळ काढून देतो, बाई. मग या. नाही पटलं तर नका घेऊ."

टँकरचे पाणी उपसून टाकले. माणसे दोर धरून आत उतरली. चिखल, प्लॅस्टिक, मूर्तींचे तुकडे, गंजलेल्या कड्या असे किती काय टोपल्या भरभरून वर गेले. पहारीचे घाव बसले तेव्हाही मी सुन्नच होते. पण पूर्वेच्या कपारीतला दगड हलला आणि तिथून पाणी पाझरू लागले. गढूळ होते, थोडेच होते, पण माझे होते.

गोपिकाबाई परत आल्या, तेव्हा जेमतेम घोटा बुडेल एवढेच पाणी साचले होते. त्यांनी वाकून पाहिले.

"एवढंच हाये," सुभद्राबाई म्हणाल्या.

"खरं हाये ना? मग घेतो."

आता त्या दोघी इथे राहतात. छतावर पडणारा पाऊस पाइपने, गाळणीतून, माझ्याकडे येतो. या वैशाखात मी आटले नाही. शेजारच्या रितिकाचा बोअर मात्र बंद पडला. ती कळशी घेऊन संकोचत दाराशी उभी राहिली.

"ये वं, आत ये," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः पाणी शेंदून दिले. मग उंबऱ्यावर बसून भिवापूरच्या बाजाराविषयी, मिरचीच्या ठसक्याने सतत शिंकणाऱ्या नवऱ्याविषयी सांगू लागल्या. सांगता सांगता त्यांना पहिल्यांदाच रडू फुटले. रितिका कळशी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसली.

मित्रांनो, घर बघायला जाल तेव्हा विहीर उन्हाळ्यात पाहा आणि पाणी कुठून येते तेही विचारा. आमच्यात कचरा टाकू नका, दरसाल गाळ काढा, पावसाला आमच्यापर्यंत वाट द्या. आम्हाला मागता येत नाही. आम्ही नुसत्या गप्प होत जातो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.