कितीने मोठी

बाईंनी मला वर्गाबाहेर थांबवलं आणि म्हणाल्या, "छोटीला वजाबाकी येते. आणि येत नाही."

मी म्हटलं, "बाई, एक काय ते ठरवा. मी दुकान उघडं टाकून आलेय."

दुकान म्हणजे आमच्याच घराची जिन्याखालची पुढची खोली, एक मशीन आणि मी. नवे कपडे मी शिवत नाही, शिवलेले मापात बसवून देते. कोणाची पँट आखूड करायची, कोणाची कंबर सैल करायची. माणसं जाड होतात, बारीक होतात, कपडे बिचारे तेवढेच राहतात. त्यावर माझं पोट चालतं.

बाई याच वर्षी शाळेत आलेल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "टोपलीत बावन्न चेंडू होते, अडतीस हरवले, उरले किती, हे ती सगळ्यांच्या आधी सांगते. पण 'हा त्याच्यापेक्षा कितीने उंच', 'ही तिच्यापेक्षा कितीने मोठी' असं गणित आलं की पेन्सिल खाली ठेवते. चुकत नाही हो, करतच नाही. आकडे तेच दिले तरी नाही. असंच चाललं तर पुढच्या वर्षी तिला फार जड जाईल."

"आळस," मी म्हटलं. "दुसरं काय!"

"शुक्रवारी संध्याकाळी पालकांना बोलावलंय. वजाबाकी आता आम्ही कशी शिकवतो ते दाखवणार आहे. दोघंही या."

शुक्रवारची वाट बघणाऱ्यातली मी नाही. त्याच संध्याकाळी छोटीला समोर बसवलं. म्हटलं, वजाबाकी म्हणजे वजाबाकी, मोठ्यातून लहान काढायचं आणि मोकळं व्हायचं. एक मुलगा तेरा वर्षांचा, त्याची बहीण नऊची, कितीने मोठा? छोटी माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी टेबलावर पट्टी आपटली आणि म्हटलं, "डोक्यात काय बटाटे भरलेत का?" तिनं पापणीही हलवली नाही.

"राहू दे," आतून हे म्हणाले.

या माणसाचं सगळं 'राहू दे'वर चालतं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर मोठमोठ्या इमारतींच्या पोटात एकटे असतात, ग्रीस आणि दोरखंडांच्या संगतीत. बोलायची सवयच नाही. पूर्वी निदान घरी आल्यावर चार शब्द तरी निघायचे.

पूर्वी म्हणजे ताई असताना. छोटी ही आमची धाकटी. तिच्यावर एक होती. छोटी जन्माला आली त्या दिवसापासून थोरलीला आम्ही दोघंही ताईच म्हणायला लागलो, आणि बघता बघता सगळ्या जिन्याची ती ताई झाली. खालचे पेपरवाले आजोबासुद्धा तिला ताई म्हणायचे. छोटीचा अभ्यास तीच घ्यायची, आणि माझ्यापेक्षा कडक. मग तिला ताप आला. डॉक्टर म्हणाले ताप डोक्यात गेलाय. आठवडाही पुरा झाला नाही. ती दहाची होती, छोटी सातची.

तिचं नाव घरात काढायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. काढलं की तिघांतला एक उठून दुसऱ्या खोलीत जायचा, आणि खोल्या दोनच. म्हणून आपोआप बंद झालं. ताईचे उरलेले कपडे मी एका पिशवीत बांधून कपाटावर टाकले. कोणी विचारलं, मुलं किती, की मी म्हणते, एक. म्हणजे पुढचं काही विचारत नाहीत. हे म्हणतात, दोन. त्यावरून आम्ही कधी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

शुक्रवारी छोटीला शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही शाळेत गेलो. चिमुकल्या बाकांवर पालक गुडघे छातीला लावून बसले होते. सलूनवाले होते, औषधाच्या दुकानातली ती बोलकी बाई होती, आणखी पंधरावीस जण. सलूनवाले सुरुवातीलाच म्हणाले, "बाई, आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. दोनातून आठ जात नाहीत, शेजारच्याकडून हातचा घ्या, नाही घेतला तर छडी खा. झाली वजाबाकी."

"आणि हातचा म्हणजे काय, ते कळलं होतं?" बाईंनी विचारलं.

"छडी कळली होती," ते म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले.

बाईंनी आईस्क्रीमच्या काड्या आणल्या होत्या, दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधलेल्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या, म्हणजे बावन्न. यातून अडतीस द्या म्हणाल्या. औषधवाल्या बाईनं तीन जुड्या दिल्या आणि आठ सुट्यांशी येऊन अडली. "मग जुडी सोडा की," बाई म्हणाल्या. तिनं रबर काढलं, दहा काड्या मोकळ्या झाल्या, त्या दोनांत मिळवून आठ दिल्या, चौदा उरल्या. तोच तुमचा हातचा. एवढी वर्षं मी हातचा घेतेय, पण तो कुठून येतो हे मला त्या दिवशी दिसलं. खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

"ही झाली काढून टाकण्याची वजाबाकी," बाई म्हणाल्या. "पण मुलं अडतात ती दुसरीकडे. तिथे कोणी काही काढून नेत नाही. दोन्ही गोष्टी जागच्या जागी असतात आणि आपण फक्त मधलं अंतर बघतो. कितीने जास्त, कितीने मोठा. तिला आम्ही फरकाची वजाबाकी म्हणतो."

मग त्यांनी आम्हाला उठवून वर्गाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे फरशीवर रंगानं चौकोन आखलेले होते, शून्यापासून तिसापर्यंत, आकडे घातलेले. "या फरकाची एक गंमत आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही आकडे सारखेच पुढे सरकवले तर फरक बदलत नाही. बावन्न वजा अडतीस अवघड वाटतं ना? दोघांनाही दोन पावलं पुढे न्या. चोपन्न वजा चाळीस. चौदा! जुडी सोडायलाच नको. मुलांना हे पटत नाही, म्हणून आम्ही वयं घेतो. घरात दोन मुलं कोणाला आहेत?"

यांचा हात वर गेला.

मी यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता. बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत! त्या खूश झाल्या. "या, या, दोघंही या. थोरल्याचं वय?"

"दहा," हे म्हणाले.

"तुम्ही दहावर उभे राहा. धाकट्याचं?"

हे माझ्याकडे वळले. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मी काय म्हणणार होते? छोटी नऊची आहे, येत्या बुधवारी दहाची होईल, असं? माझ्या तोंडून आलं, "सात."

मी सातच्या चौकोनात जाऊन उभी राहिले. आमच्यामध्ये तीन पावलं. "फरक तीन," बाई म्हणाल्या. "आता तीन वर्षं गेली. चला, दोघंही तीन पावलं पुढे. बघा बरं का मंडळी, फरक बदलतो का ते."

मी चालायला लागले. आठ. नऊ. माझे पाय आपले जात होते. दहावर पोचले तर हे तिथेच. यांच्या खांद्याला माझा खांदा लागला.

"अहो बाबा," बाई हसत म्हणाल्या, "तुम्ही वाढदिवस करायला विसरलात वाटतं!" मागे सगळे हसले. सलूनवाल्यांनी टाळीसुद्धा वाजवली.

हे खाली बघत होते. दोघांचे चार पाय त्या एका चौकोनात मावत नव्हते, यांचा बूट माझ्या चपलेवर आला होता. यांनी तो काढला नाही. आणि मला एकदम कळलं. ही जागा कोणाची, इथे बुधवारी कोण येऊन पोचणार, ते कळलं. वाढदिवस नको म्हणून छोटी महिनाभर घोकत होती, आणि मी चार लोकांत सांगत होते की पोरगी शहाणी झाली, आईचा खर्च वाचवते. ती आळशी नव्हती. तिला ते गणित आम्हा सगळ्यांआधी सुटलं होतं.

औषधवाल्या बाईनं बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. तिला आमचं माहीत होतं, ताईची औषधं तिच्याकडूनच नेली होती. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माझा हात धरायला पुढे आल्या तर मीच म्हटलं, "असू दे हो. तुम्ही शिकवलंत ते बरोबरच आहे." आणि खरंच बरोबर होतं. दोघंही चालत असली तरच.

घरी येताना आम्ही नेहमीसारखे पुढे-मागे चाललो नाही. कोपऱ्यावर हे म्हणाले, "मी टाकणार होतो पाऊल. उचललंच नाही."

"हात कशाला वर केलात?"

"दोन मुलं कोणाला, असं विचारलं त्यांनी," हे म्हणाले. "मग काय करू?"

मी रस्त्यात तोंडाला पदर लावून रडले. हे थांबले, आणि या वेळी राहू दे म्हणाले नाहीत.

छोटी काकूंकडून आली ती नेहमीप्रमाणे माझ्या मशीनखाली बसून बटणं निवडायला लागली. मी गळ्यातली टेप काढली आणि तिच्यासमोर जमिनीवर लांब पसरली. तिच्या डब्यातलं एक मोठं बटण दहावर ठेवलं, एक बारीक सातवर ठेवलं. तिनं बघितलं, आणि कोणतं कोण हे तिनं विचारलं नाही. तिनं बोटानं बारीक बटण सरकवलं. आठ. नऊ. तिथे बोट थांबलं.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे नको."

"का गं?"

तिनं बटणावर बोट दाबून धरलं. "बुधवारी मी ताईएवढी होणार. मग पुढच्या वर्षी मी तिच्यापेक्षा मोठी. मग ताईला ताई कोण म्हणणार? मग मी छोटी कशी?" आणि मग अगदी हळू म्हणाली, "मी थांबले तर चालेल का, आई?"

दोन वर्षं होऊन गेली, लोकांनी मला खूप सांगितलं. देवाची इच्छा, धीर धर, धाकटीकडे बघ. धाकटीकडे बघ! मी बघतच होते की रोज, आणि एवढीशी पोर आतल्या आत पाय रोवून उभी होती ते मला दिसलं नाही. मी तिला पोटाशी धरलं. थांबता येत नाही बाळा, असं मला म्हणायचं होतं, पण मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

हे दारात उभे होते. आत आले, आमच्याजवळ खाली बसले.

"आधी कोण आलं?" यांनी विचारलं.

छोटीला कळेना. "कुठे?"

"आपल्याकडे. आधी कोण आलं, ताई का तू?"

"ताई."

"मग झालं. तू आजीएवढी झालीस तरी आधी तीच आलेली. म्हणून ती ताई."

छोटीनं दोन्ही बटणांकडे आळीपाळीनं बघितलं. ती अशी सहजासहजी ऐकणारी नाही, माझ्यावर गेलीय. "मी केस पांढरे झाले तरी दहा वर्षांच्या मुलीला ताई म्हणू?"

"म्हण," हे म्हणाले, आणि बाहीनं डोळे पुसायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. तिघांतलं कोणी उठून दुसऱ्या खोलीत गेलं नाही. छोटीनं यांचा शर्ट पकडला, आणि मग दुसऱ्या हातानं बारीक बटण दहावर नेलं. मोठ्याला ढकललं नाही, शेजारी ठेवलं.

बुधवारी मी कपाटावरची पिशवी खाली काढली. ताईचा एक पिवळा फ्रॉक होता, शेवटचा घेतलेला. तिचे कपडे छोटीला देताना दर वेळी कंबरेत घ्यावं लागायचं, खाली दुमडावं लागायचं. दातांत टाचण्या धरून मी छोटीभोवती गुडघ्यांवर फिरले. कुठेच काही घ्यायचं नव्हतं. एक टाका लागला नाही. टाचण्या मी पुन्हा डबीत ठेवल्या आणि तोंड फिरवून मशीन पुसत बसले.

दुपारी एक नवं गिऱ्हाईक आलं, पँट आखूड करायला. पन्नाशीची, गप्पिष्ट बाई. छोटी दारात तो फ्रॉक घालून बसली होती. "गोड आहे हो मुलगी," ती म्हणाली. "किती मुलं तुम्हाला?"

"दोन," मी म्हटलं. तो शब्द माझ्या तोंडाला नवा होता.

"ही धाकटी का? मोठी केवढी आहे?"

मी टेप चाचपडायला लागले. छोटीच म्हणाली, "ताई दहाची आहे. मी पण आज दहाची झाले."

"अगं बाई! म्हणजे जुळ्या की काय?"

छोटीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "या वर्षापुरत्या."