साठ ते सत्तर

थोरलीने तापवलेल्या सुरीने गुलाबी मेणाचा पापुद्रा उचलला, हिरडीच्या जागी बसवला आणि रेडिओकडे न बघताच म्हणाली, "घेतला बघ त्यालाही. घेणारच होते."

रेडिओवर वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीची नामांकनं जाहीर होत होती. कवळ्या बनवायच्या त्या खोलीत दोघी जावा काम करत. धाकटी प्लॅस्टरचे साचे ओतायची, थोरली दात बसवायची. संगीतातलं शास्त्र थोरलीला येत नव्हतं, पण ऐकणं इतक्या वर्षांचं होतं आणि मतं इतकी पक्की, की धाकटीने तिचं नाव 'परीक्षकबाई' ठेवलं होतं.

"ती नवी पोरगी कशी वाटते, ताई?"

"गळा सोन्याचा. पण पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत रडते. एवढं रडणं ऐकायला मला अल्बम कशाला विकत घ्यावा लागतो?"

"आणि तो बँड?"

"शेजारी फरशी बसवताहेत असं वाटतं."

"मोठं नाव आहे त्यांचं."

"नाव मोठं आहे म्हणून तर फरशीही मोठी आहे."

धाकटी हसली आणि तिने प्लॅस्टर घोटायला घेतलं. मग निवेदकाने शेवटचं नाव घेतलं तसा तिचा हात थांबला. 'सावकाश'. एका म्हाताऱ्या गायकाचा हा अल्बम. वेष्टनावर चेहरा नव्हता, नुसती रिकामी खुर्ची. मुलाखती तो देत नसे. मुख्य गाण्यात 'सावकाश' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा आणि दर वेळी त्यातल्या 'स'बरोबर एक बारीक, चमकती शिट्टी वर उठायची, जणू आवाजामागून दुसरा आवाज डोकावतोय.

"यालाच मिळायला हवं," धाकटी म्हणाली. "त्या शिट्टीने माझ्या अंगावर काटा येतो."

"पंख्याखाली बसलं तरी काटा येतो. ती शिट्टी मशीनमधली आहे. माणसाच्या तोंडून असं निघत नाही. गाणं साधं आहे, तर साधं गावं. वर कलाबूत कशाला?"

तेवढ्यात दार वाजलं. तोंडाला रुमाल लावलेले एक म्हातारे गृहस्थ आत आले. त्यांनी चष्म्याच्या डबीतून वरची कवळी काढून टेबलावर ठेवली. दोन तुकडे.

"बेथिनमध्ये पदली," ते म्हणाले.

धाकटीने चटकन तोंड फिरवलं.

"हथा, हथा," रुमालाआडून आवाज आला. "मीपन हथलो."

परवा संध्याकाळी त्यांना लोकांसमोर उभं राहायचं होतं आणि नवी कवळी परवापर्यंत होणार नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगून इकडे पाठवलं होतं.

"आजच सांधून देते, काका. बसा निवांत," थोरली म्हणाली.

तुकडे जुळवून तिने चिकटवले. टाळूकडच्या बाजूने प्लॅस्टर ओतलं, भेगेच्या कडा घासून रुंद केल्या, गुलाबी भुकटी भिजवून भेग भरली. पुढच्या दातांच्या मागे एक लहानसा खळगा होता. जुन्या कारागिराने तो तसाच सोडला होता, की इतक्या वर्षांत जिभेने झिजवला होता, कळायला मार्ग नव्हता. हात तिथे होताच, तिने तोही भरून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलेली बाई जाता जाता ओटा पुसते, तसं.

कवळी घट्ट झाल्यावर तिने ती चकचकीत केली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडात बसवली. खपाटीला गेलेले गाल वर आले, ओठांना आधार मिळाला. मघाच्याच खुर्चीत आता एक देखणा माणूस बसला होता.

"आता साठ ते सत्तर मोजा," थोरली म्हणाली. "सगळा 'स'चाच कारभार आहे तिथे. कवळी चुकली असेल तर तिथेच पकडली जाते."

"साठ, एकसष्ट, बासष्ट…"

सत्तरपर्यंत सगळे आकडे धुतल्यासारखे स्वच्छ आले. थोरलीने समाधानाने हात पुसले.

गृहस्थांनी मात्र मान तिरकी केली. "सहासष्ट," ते पुन्हा म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी हलकेच एक शब्द गायला.

"सावकाश…"

धाकटीच्या हातातलं भांडं कललं आणि प्लॅस्टर टेबलावर ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

आवाज तोच होता. पण शब्द बोडका आला. त्यांनी पुन्हा गायला, मग पुन्हा. त्यांची बोटं ओठांवर गेली.

"काहीतरी गेलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, ते माझ्या श्वासात आहे. परवा बक्षिसाच्या सोहळ्यात हेच गायचंय मला."

थोरलीने हात पुढे केला, कवळी घेतली आणि रेडिओ बंद केला. त्या खळग्याचा साचा कुठेच नव्हता, प्लॅस्टर तर दुसऱ्या बाजूने ओतलं होतं. त्याचा आकार आता फक्त एका जिभेला माहीत होता.

तिने सगळ्यात बारीक कानस उचलली. दोन-चारदा फिरवली, कवळी धुऊन दिली.

"साठपासून."

काहीच नाही. पुन्हा घासलं.

"मोजा, काका."

धाकटी प्रत्येक वेळी कवळी उजेडात धरून बघत होती. खळग्याचा तळ पातळ होत चालला होता. "ताई, पलीकडचं दिसायला लागलंय," ती पुटपुटली. कानस आरपार गेली असती तर परवा गाणंच नव्हतं, साधं बोलणंही नव्हतं. थोरलीने कानस ठेवली आणि पॉलिशच्या कागदाचा नखाएवढा तुकडा बोटाच्या टोकावर घेतला. श्वास धरून एकदाच फिरवला.

"…चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट…"

सहासष्टच्या कडेला एक धागा चमकला. तिघांनीही ऐकला.

"आता गा," थोरली म्हणाली.

ते गायले. मेण तापवायचा दिवा समोरच होता. 'स' आला तशी ज्योत किंचित लवली, तो शब्द संपेपर्यंत तशीच लवून राहिली आणि मग सरळ झाली. पुढच्या 'स'ला पुन्हा लवली. मशीन नव्हतं, कलाबूत नव्हती. एका माणसाचा श्वास एका फटीतून जात होता आणि साचे, कवळ्या, डबे, भुकट्या यांनी भरलेल्या त्या खोलीचं छप्पर उंच होत होतं. थोरलीचे हात मांडीवर उताणे पडले होते. गाणं थांबल्यावरही तिला ते उचलायचं सुचलं नाही.

ते निघायला लागले तेव्हा धाकटी हळूच म्हणाली, "पॉलिश राहिलंय, ताई."

"राहू दे. हात लावायचा नाही आता त्याला कुणी."

सोहळ्याच्या संध्याकाळी खोलीत रेडिओ लावून दोघी बसल्या. नवी पोरगी रडली, बँडने फरशी बसवली. थोरली एक अक्षर बोलली नाही. शेवटी धाकटीलाच राहवेना.

"बोला की, परीक्षकबाई. कुणाला मिळायला हवं?"

"मला विचारू नकोस. घरच्यांनी मत द्यायचं नसतं."

निवेदकाने म्हाताऱ्या गायकाचं नाव घेतलं. टाळ्या थांबल्या. पहिला शब्द यायच्या आधीच्या त्या शांततेत थोरलीने जीभ आपल्याच पुढच्या दातांच्या मागे नेऊन टेकवली आणि ती वाट बघत राहिली.