कारभारीची नऊ सेकंदं

वैदेही वर्गात शिरली की पोरं आपसूक मोबाईल खिशात घालत. धाकानं नव्हे हो, ती गोष्टी रंगवून सांगायची म्हणून. उस्मानपुऱ्यातल्या एका कॉलेजात ती सिनेमा शिकवते आणि तिचा पहिल्या महिन्यातला एक तास ठरलेला असतो. सुरुवातीला कॅमेरा कसा एका जागी ठाण मांडून बसायचा, समोर जे होईल ते मुकाट टिपायचा, ते ती सांगते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की फिल्म कापता येते आणि कापलेले तुकडे आपल्याला पाहिजे तसे चिकटवताही येतात. "आणि तिथून सगळी लबाडी सुरू झाली," असं ती म्हणते, आणि पोरं हसतात.

मग ती पडद्यावर कारभारीला आणायची. तिनंच केलेल्या फिल्ममधला, देवगाव रंगारीचा म्हातारा मेंढपाळ. डोक्याला पटका, पांढऱ्या मिशा, कपाळावर आठ्या, नजर डावीकडं कुठंतरी लागलेली. नऊ सेकंदं, आवाज बंद. ह्या चेहऱ्यापुढं भाकरीचं ताट जोडलं की पोरं म्हणत, भूक लागलीय. पाळणा जोडला की म्हणत, नातवाची आठवण येतेय. आणि धूळ उडवत निघालेली मोटारसायकल जोडली की सगळी एकदम, "बापरे, केवढा चिडलाय!" चेहरा तोच, बदललं ते शेजारचं चित्र. तेव्हा वैदेही टेबलावर थाप मारायची आणि म्हणायची, "चेहरा काही सांगत नाही. सांगते ती कात्री."

ह्या वर्षी तिनं ताट, पाळणा काही न जोडता आधी नुसता चेहरा दाखवला आणि विचारलं, काय वाटतं? पुढच्या बाकावरची संस्कृती म्हणाली, "मॅडम, ते आपल्याला काहीतरी विचारतायत."

"आपल्याला? ते तर डावीकडे बघतायत."

"शेवटी वळले ना आपल्याकडे."

"हो मॅडम, वळले," मागून चार-पाच जणांनी दुजोरा दिला. "ओठपण हलले."

वैदेहीनं परत लावलं. नऊच्या नऊ सेकंदं कारभारी डावीकडं बघत होता, ओठ घट्ट मिटलेले. संस्कृती डोळे चोळून म्हणाली, "आत्ता तर वळले होते." जून सरत आला तरी पावसाचा पत्ता नाही, भर दुपारचे दोन, पंखा डोक्यावर घरघरतोय, आणि वैदेहीनं ओढणी अंगाभोवती ओढून घेतली. तिनं प्रोजेक्टर बंद केला आणि तास आटोपता घेतला.

भास झाला असेल पोरांना, असं तिनं स्वतःला बजावलं. पण कसचं काय! कॉलेज सांभाळून ती बाहेरचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायची कामंही घ्यायची; दुसऱ्या दिवशी ती एका शिकवणीची जाहिरात कापायला बसली. त्यातले गणिताचे मास्तर बोलणं संपवून क्षणभर थेट कॅमेऱ्यात बघत राहिले, काहीतरी विचारायचं राहून गेल्यागत. तिनं तेवढं कापलं, तर नव्या तुकड्याच्या शेवटीही तेच. तिसऱ्या दिवशी लग्नाच्या व्हिडिओत नवरीची आजी तशीच बघायला लागली. जो तुकडा उघडावा त्याच्या शेपटाला माणूस वळायचा, नजर तिच्यावर रोखायचा, आणि परत लावला की काही नसायचं. चार दिवसांत वैदेहीचं जेवण तुटलं. आई म्हणाली, डोळे तपासून घे. डोळ्यांत काही नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं आणि म्हणूनच ती घाबरली होती.

शनिवारी कॉलेजच्या फाटकाशी एक बाई येऊन बसली. विटकं लुगडं, पायात टायरच्या चपला, मांडीवर पिशवी. वॉचमननं दोनदा हटकलं तरी हलली नाही. वैदेही बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. कारभारीची बायको, वच्छलाबाई. शूटिंगच्या आठ दिवसांत हिनंच तिला भाकरी वाढली होती.

"बाई, एकच इचारायला आले," वच्छलाबाई म्हणाली. "त्या दिवशी आमचे मालक कुणाकडं बघत व्हते?"

वैदेहीनं तिला कॅन्टीनमध्ये नेलं, पाणी दिलं, चहा मागवला. तिला वेळ काढायचा होता, दुसरं काय! वच्छलाबाईनं चहाला हात लावला नाही. ती सांगत गेली.

फिल्म झाली आणि चार महिन्यांत कारभारी छातीत कळ येऊन गेला. महिनाभरानं वैदेहीनं गावच्या शाळेत पांढरी चादर बांधून फिल्म दाखवली होती. मोठ्या मानानं, गावाचं गावाला दाखवायचं म्हणून. कारभारीचा एकुलता लेक अंगद पहिल्या रांगेत बसला होता. मेंढरं सोडून तो चितेगावच्या एका कंपनीत लागला होता आणि बापाला ते रुचलं नव्हतं, हे गावाला माहीत होतं. पडद्यावर अंगद मोटारसायकलवरून निघाला, मागून बापाचा चेहरा आला, आणि चादरीपुढं बसलेली दोनशे माणसं एकदम हळहळली. कुणीतरी बोललंसुद्धा, "म्हातारा तळतळाट देऊन गेला रे पोराला."

"तवापासून गावात पाऊल नाय त्याचं," वच्छलाबाई म्हणाली. "परवा सोमवारी वर्षश्राद्ध हाय. मी फोन केला तर म्हणतो, माय, आबांनी असल्या नजरेनं बघून मला वाटं लावलं, मी त्यांच्या नावानं पाणी कसं सोडू? माझ्या हातचं ते घ्यायचे नायत. बाई, म्या चाळीस वर्सं संसार केला. मालक रागावले की खाली बघायचे, असं वर बघायचे नायत. ते कुणाकडं बघत व्हते, तेवढं सांगा."

आता ह्या प्रश्नाचं उत्तर वैदेहीला पाठ होतं. विसरली म्हणावं, तर विसरली नव्हती. मोटारसायकल एका दिवशी टिपलेली आणि चेहरा त्याच्या पाच दिवस आधीचा. अंगद गाडीला किक मारत होता तेव्हा कारभारी मेंढरं घेऊन डोंगरापलीकडं गेलेला. बापलेक त्या वेळी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यातही नव्हते. ती दोन चित्रं शेजारी बसवली होती वैदेहीनं, कारण त्यानं फिल्मला जोर आला. आणि फिल्मला पुण्यात बक्षीस मिळालं ते त्याच जोडामुळं, परीक्षकांनी तसं बोलूनच दाखवलं होतं. पण हे तोंडानं सांगायला धजावलं पाहिजे ना.

"असंच कुठंतरी बघत होते हो," ती म्हणाली.

वच्छलाबाईनं तिच्याकडं बघितलं. अगदी त्या गणिताच्या मास्तरांसारखं, नवरीच्या आजीसारखं. वैदेहीच्या हातातला ग्लास कलंडला आणि पाणी टेबलभर झालं.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मावशी, मी जोडलंय ते. ते अंगदकडे बघतच नव्हते."

वच्छलाबाईनं पदरानं टेबल पुसलं. "मंग त्याला सांगा," ती म्हणाली. "माझं आयकायचा नाय तो. आईची माया म्हणंल."

पण नुसत्या बोलण्यावर अंगद कसा विश्वास ठेवील? पुरावा पाहिजे. आणि पुरावा वैदेहीनं स्वतःच्या हातानं पुसला होता. फिल्म पूर्ण झाल्यावर हार्ड डिस्क भरली म्हणून तिनं कच्चं चित्रण उडवलं आणि फिल्ममध्ये वापरलेले तेवढे तुकडे ठेवले. वच्छलाबाईला संगणकासमोर बसवून तिनं फाईल उघडली. तीच नऊ सेकंदं. डोकं धरून ती बसली आणि मग एकाएकी ताठ झाली.

तिला हे काम शिकवलं ते पुण्याच्या नानासाहेबांनी. त्यांनी उमेदीत खरीखुरी फिल्म कात्रीनं कापलेली. ते ओरडून ओरडून सांगायचे, तुकडा कधी नेमका कापून ठेवू नये, दोन्ही अंगांना थोडं जास्तीचं सोडावं, शिंपी शिवणीत माया सोडतो तसं; उद्या जोड उसवावा लागला तर धरायला हाताशी काही पाहिजे. संगणकावरही वैदेहीनं ती शिस्त मोडली नव्हती. प्रत्येक तुकड्याच्या अल्याड तीन सेकंदं, पल्याड तीन सेकंदं. ते फिल्ममध्ये दिसत नाही, वर्गात दिसत नाही, पण फाईलीच्या पोटात पडून असतं. दीड वर्षात तिनं ते कधी उघडलं नव्हतं. का उघडलं नव्हतं, ते तिचं तिला माहीत.

तिनं कडा ओढल्या. नऊची पंधरा सेकंदं झाली. आवाज सुरू केला आणि पाहिलं.

वच्छलाबाईनं दोन्ही हात तोंडावर धरले. शेवटच्या त्या तीन सेकंदांत जे होतं, ते पोरांनी वर्गात तसंच्या तसं पाहिलं होतं. जे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं ते.

दोघी चितेगावला पोचल्या तेव्हा पाळी सुटायची वेळ झाली होती. पैठण रस्त्यावर धुरळा, कंपनीच्या फाटकाशी चहाच्या टपऱ्या, निळ्या शर्टांची गर्दी. अंगद बाहेर आला, आईला बघून हसू का नको अशा तोंडानं जवळ आला, आणि वैदेही दिसताच मागं फिरला.

"अंगद, थांब," वच्छलाबाई म्हणाली. "आबांची आण हाय तुला."

तो थांबला. वैदेहीनं तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. कुठला दिवस, कुठली गाडी, कुठला चेहरा. अंगद ऐकत होता, जबडा आवळून.

"मायनं रडून सांगितलं म्हणून आलात व्हय?" तो म्हणाला. "बाई, तवा तुम्ही म्हणला म्हणून ते खरं व्हतं. आता तुम्ही म्हणता म्हणून हे खरं. तुमचं काय, तुम्ही पाहिजे ते चिकटवता."

तो बोलला त्यात काय खोटं होतं? तिनं टपरीच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडला आणि ती बाजूला झाली.

पहिल्या तीन सेकंदांत कारभारीचा चेहरा मोकळा होता, एकही आठी नाही. आणि कॅमेऱ्यामागून वैदेहीचा आवाज आला, घाईचा, हुकमी: "लेक सोडून गेला समजा!" त्यासरशी म्हाताऱ्यानं आठ्या घातल्या, मान डावीकडं वळवली आणि नजर रोखली. पुढची नऊ सेकंदं, जी गावानं पाहिली, वर्गानं पाहिली, बक्षीस देणाऱ्यांनी पाहिली. मग शेवटची तीन सेकंदं. आठ्या गळून पडल्या. कारभारी सरळ कॅमेऱ्याकडं वळला, शाळेत कविता म्हणून दाखवलेल्या पोरासारखा लाजून हसला आणि म्हणाला, "जमलं का, बाई?"

चित्र तिथंच थांबलं. त्या हसऱ्या तोंडावर.

अंगदनं परत लावलं. मग परत. मागं चहावाला ग्लास विसळायचा थांबला. सहाव्यांदा की सातव्यांदा बघून झाल्यावर अंगद बाकड्यावर बसला.

"सोंग व्हतं?" तो म्हणाला. "आबा सोंग करत व्हते?"

"मी करायला लावलं. ते नाही म्हणत होते. म्हणाले, लेकावर राग आणायला जमायचं नाही मला. मी फार मागं लागले, म्हणून केलं."

"मंग तुम्ही काय म्हणला?"

"कधी?"

"त्यांनी इचारलं ना, जमलं का म्हणून. तुम्ही काय सांगितलं?"

वैदेहीनं आठवून बघितलं. ऊन उतरत होतं, पुढचं दृश्य घ्यायचं होतं, ती तिपाई उचलून चालू लागली होती. म्हातारा मागं बसून राहिला होता, तिच्या पाठीकडं बघत. तिनं काहीच उत्तर दिलं नव्हतं. एक शब्दसुद्धा नाही. आणि मग चारच महिन्यांत तो गेला. गेले आठ दिवस कोण वळून वळून विचारतंय आणि काय विचारतंय, हे आता तिला कळलं आणि तिच्यानं मान वर करवेना.

"काहीच नाही," ती कशीबशी म्हणाली. "मी काहीच बोलले नाही त्यांना."

कंपनीची बस हॉर्न देऊन निघून गेली, अंगदच्या सोबत्यांनी हाका मारल्या, तो उठला नाही. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, लॅपटॉप स्वतःकडं वळवला, आणि बाप समोर बसलाय अशा आवाजात म्हणाला,

"जमलं, आबा. लई झ्याक जमलं. मी सुदिक फसलो."

वच्छलाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो उठला, आईची पिशवी खांद्याला लावली आणि तिला घेऊन गावच्या गाडीकडं चालू लागला.