शेंदराआडची पाणपोई

मित्रांनो, मी परळच्या नाक्यावरची एक जुनी दगडी पाणपोई आहे. एका कापूस व्यापाऱ्याने आईच्या आठवणीसाठी मला बांधले. चार खांब, वर घुमटी आणि आत सिंहाचे मुख. त्या मुखातून गार पाणी पडे. गिरणीची पाळी सुटली की माझ्याभोवती अशी झुंबड उडे, की माझा तोरा काय सांगू!

पुढे गिरण्या बंद पडल्या, मीही कोरडी झाले. कोणीतरी सिंहाला शेंदूर फासला आणि घुमटी पाहून लोकांना वाटले, आत देवच आहे. कोपऱ्यावर फुले विकणाऱ्या शांताबाई वीस वर्षे रोज हार घालत. नमस्कार पुष्कळ मिळाले, पण तोंड बुजले ना माझे! मुलांना जुन्या वास्तू दाखवणारी अनुजासुद्धा माझ्यासमोरून थेट गिरणीच्या धुराड्याकडे जाई. फार लागे मनाला.

यंदा पदपथ रुंद करायचे ठरले. जुना नकाशा पाहून पालिकेचे साहेब म्हणाले, "पाणपोई चालू असेल तर राहील, नाहीतर हलवू." मी देऊळ नसून पाणपोई आहे, हे ऐकताच अनुजा धावली. नॉर्मन प्लंबरने नवी नळजोडणीही केली. आता फक्त शेंदूर काढायचा होता, तर शांताबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"देवाला छिन्नी लावाल तर याद राखा!"

तेवढ्यात गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेले म्हातारे गुणाजी पुढे आले. "शांता, हो देव न्हय गो, सिंव्ह आसा. पाळी सुटली की हेच्याच तोंडातला पाणी पियत होतंय मी."

शांताबाईंनी शेंदरावरून हळूच हात फिरवला. मग त्यांनी पदर खोचला. "मग शेंदराची खोळ रीतीने उतरवायची. छिन्नी नाय चालणार." त्यांनी नारळ फोडला आणि दोन दिवस कोमट तेल चोळले. तिसऱ्या सकाळी शेंदराची ती जाड खोळ अख्खी सुटली. दादरच्या चौपाटीवर तिचे विसर्जनही झाले.

नॉर्मनने चावी फिरवली. आधी गुरगुर, मग गढूळ पाणी आणि मग स्वच्छ धार! टाळ्यांनी नाका दणाणला. साहेबांनीही रुमाल ओला करून घेतला. गुणाजींनी पहिली ओंजळ शांताबाईंना घ्यायला लावली.

पाणी पिऊन त्या हसल्या. "वीस वर्षं हार घातले, प्रसाद आज मिळाला!"

मित्रांनो, माझे देवपण गेले, पण नोकरी परत मिळाली! आता अनुजाची मुले आधी माझ्याकडे येतात. तुम्हीही या, ओंजळ धरा. फक्त माझ्या तोंडाला काही फासू नका. मला अजून पुष्कळ ओंजळी भरायच्या आहेत.