अंगठ्यावरचा आळ

इंजिन हवेतच बंद पडलं आणि मैदानावरच्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. सासऱ्यांचं रिमोटवर उडणारं छोटं पिवळं विमान, पंखा थांबलेला, आवाज न करता खाली येत होतं. रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांनी ते कसंबसं कुंपणापलीकडच्या गवतात उतरवलं. चाकं वाचली, पण जाता जाता ते मैदानाच्या सेक्रेटरींच्या टोपीला घासून गेलं.

"सर, हे आता दर रविवारचं झालंय," सेक्रेटरी टोपी झटकत म्हणाले. "पुन्हा असं झालं तर मला नाही म्हणावं लागेल. इथं लोक असतात."

सासऱ्यांनी उभा जन्म शाळेत भूमिती शिकवली होती. वाद घालायला त्यांना निमित्तही लागत नसे. पण आज ते रिमोट बंद करून सरळ गाडीकडे निघाले. सुनेने गवतातून विमान उचलून आणलं, पंख काढून गाडीत ठेवले. नवऱ्याला सुट्टीच्या सकाळी अंथरूण सुटत नसे, म्हणून सासऱ्यांना मैदानावर आणायचं काम तिच्याकडे होतं.

"कुणाला तरी देऊन टाक हे," गाडी सुरू झाल्यावर ते म्हणाले.

"अहो बाबा, इंजिनचंच काहीतरी असेल."

"इंजिन ठणठणीत आहे. घरी कसं पळतं, बघतेस ना? दोष इथं आहे." त्यांनी उजवा अंगठा वर केला. "आजारपणानंतर हा थरथरतो. वर गेलं की माझ्याच हातून वेगाची दांडी मागे ओढली जाते. आणि मला कळतही नाही."

त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. ते इस्पितळात असताना विमान गॅरेजमध्ये चादरीखाली पडून होतं, आणि ते परतल्यापासूनच हे दुखणं सुरू झालं होतं. त्यांनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, बॅटरी नवी टाकली. दर वेळी घरच्या टेबलावर इंजिन मजेत चालायचं आणि मैदानावर वर गेलं की मान टाकायचं. सगळं बरोबर, म्हणजे चूक माझी, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हल्ली ते चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरत.

घरी आल्यावर ती गॅरेजमध्ये विमानाला लागलेलं गवत काढत बसली. पोटावरचं झाकण उघडलं तर आतली प्लास्टिकची टाकी दोन्ही बाजूंनी आत ओढलेली दिसली, गाल बसलेल्या माणसासारखी. तिने पेट्रोल भरायच्या नळीचं बूच काढलं. फुस्स! टाकी पटकन फुगून पूर्वीसारखी झाली.

ती डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होती. सलाईनच्या काचेच्या बाटलीत हवा जायला वाट ठेवली नाही तर थेंब मंदावत मंदावत थांबतात, हे तिने नव्या मुलींना कितीदा बजावलं होतं.

"बाबा! जरा इकडे या!"

ते नाखुशीने आले.

"घरी इंजिन तपासता तेव्हा हे बूच लावता?"

"कशाला? सारखं पेट्रोल भरावं लागतं. उघडंच असतं."

"आणि मैदानावर?"

"लावतो. नाहीतर सांडेल." ते थबकले. "मग हवा दुसऱ्या नळीने जाते की. पोटाखालच्या."

"जाते का?"

त्यांनी विमान टेबलाला बांधलं, बूच लावलं, इंजिन सुरू केलं. बराच वेळ ते छान गुरगुरलं. मग आवाज चढत चढत किनरा झाला आणि इंजिन गप्प झालं. रिमोट टेबलावर पडला होता. सासऱ्यांचे दोन्ही हात खिशात होते.

"मी हात लावला नव्हता," ते हळूच म्हणाले. "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं बाबा."

त्यांनी हवेच्या नळीत बारीक तार घातली. आधी कोरडी माती झडली, मग मेलेला एक कोळी. विमान चादरीखाली पडून असताना, पिल्लांसाठी कोळी साठवणाऱ्या कुंभारीण माशीने रिकामं घर बघून आत संसार थाटला होता!

सासरे खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. डोळे पुसत पुन्हा हसले. आवाज ऐकून नवरा धावत आला. "काय झालं? बाबा पडले का?"

"नाही रे," ती म्हणाली. "भाडेकरू निघाला."

दुसऱ्या रविवारी सेक्रेटरी मुद्दाम झाडाखाली जाऊन उभे राहिले. विमान चढलं, वळलं, उलटं झालं, सरळ झालं. सासऱ्यांचा अंगठा अजून थरथरत होता. तिला तो स्पष्ट दिसत होता, पण विमानाला त्याचं काही नव्हतं. टाकी संपत आली तशी त्यांनी ते धावपट्टीवर अलगद टेकवलं आणि स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं.

"झालं?" सेक्रेटरींनी लांबूनच विचारलं.

"झालं कसलं? अजून एक टाकी आहे!"

परतताना पहिल्याच सिग्नलला ते तोंड उघडं टाकून झोपले. पिवळा पंख त्यांच्या खांद्याला टेकला होता. तिने रेडिओ बंद केला आणि गाडी लांबच्या रस्त्याला वळवली.